‘जन्मल्यावर रडलं नव्हतं’ : स्वमग्नता, मेंदूची इजा आणि एका वाक्याचा इतिहास

पेट-नेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, की संकल्पनांचा इतिहास वाचून करायचं काय, प्रश्न तर संशोधन पद्धतीवर येतात. आज एका विषयाचा इतिहास सांगते. त्यात पद्धतीचे निदान चार धडे आपोआप येतील, ते मोजत बसू नका.

विषय असा: स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आणि जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाल्यामुळे आलेला विकासातला विलंब, या दोन्हींत फरक कसा करायचा?

आमच्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावी मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नसलं, की घरातून पहिलं उत्तर येतं, ‘जन्मल्यावर रडलं नव्हतं, पेटीत ठेवलं होतं चार दिवस.’ आजी सांगते, आत्या सांगते, शेजारीणही सांगते. हे वाक्य एवढं पक्कं झालेलं असतं की पुढचं विचारायचं राहूनच जातं. हाक मारल्यावर मूल बघतं का? बोट करून काही दाखवतं का? दुसऱ्या लेकरांत जाऊन बसतं का? आणि बाळंतपण व्यवस्थित झालेलं असलं, तर दुसरं वाक्य तयार असतं, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ पहिल्या वाक्यात दोष बाळंतपणाचा, दुसऱ्यात काळजी करायचं कारणच नाही. दोन्हींत मुलाकडे बघणं राहतं.

यात पणाला काय लागतं, तेही बघा. दवाखान्यात पोचायला उशीर झाला म्हणूनच असं झालं, हे ओझं आई वर्षानुवर्षं वाहते. दुसरं मूल होऊ द्यायचं का, हा निर्णय त्यावर ठरतो. आठवड्यातून दोनदा परभणीला जाऊन फिजिओथेरपी घ्यायची, की संवाद शिकवणाऱ्या माणसाचा शोध घ्यायचा, हेही त्यावरच ठरतं. आणि लहान मुलाच्या बाबतीत गेलेलं वर्ष परत येत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ‘स्वमग्नता की मेंदूची इजा?’ हा प्रश्नच तिरपा मांडलेला आहे. स्वमग्नता हे वर्तनाच्या एका प्रकाराला दिलेलं नाव आहे. मेंदूची इजा हे कारण आहे. ‘ताप आलाय की डास चावलाय?’ असं विचारण्यासारखं ते झालं. सरळ प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे विचारावे लागतात. एक, या मुलाच्या विकासाचं चित्र स्वमग्नतेचं आहे की सगळ्याच बाबतींत मागे राहण्याचं? दोन, यामागे कारण काय? हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले कसे आणि सोडवायला किती वेळ लागला, तोच आजचा इतिहास.

सुरुवात लंडनला होते. विल्यम लिटल नावाचे अस्थिशल्यविशारद होते. त्यांचं स्वतःचं एक पाऊल लहानपणापासून वाकडं होतं, म्हणून ते या वाटेला आले. १८६१ साली त्यांनी तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेसमोर मांडलं, की अवघड बाळंतपण, वेळेआधीचा जन्म आणि जन्मताना गुदमरणं यांचा मुलांच्या ताठरलेल्या हातापायांशी संबंध आहे. आज आपण ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतो, तिला बरीच वर्षं लिटलचा आजारच म्हणत. म्हणजे ‘रडलं नव्हतं’ या वाक्याला शास्त्राची पहिली मान्यता मिळाली ती इथे.

पण ३६ वर्षांनी एकाने खोडा घातला. हा माणूस म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणाच्या आधीचे फ्रॉइड मज्जासंस्थेचे डॉक्टर होते, हे आपण विसरतो. १८९७ साली त्यांनी लहान मुलांच्या मेंदूच्या पक्षाघातावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी शंका काढली, की काही मुलांत अवघड बाळंतपण हे मूळ कारण नसेलच. गर्भाची वाढच आधी बिघडलेली असेल आणि अवघड बाळंतपण हे त्या बिघाडाचंच एक लक्षण असेल. म्हणजे बाणाची दिशा उलटी! शंका ठेवणीत गेली. तुम्ही मात्र ती लक्षात ठेवा, जवळजवळ शंभर वर्षांनी ती परत येणार आहे.

आता दुसरा धागा. १९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णनं छापली, ८ मुलगे आणि ३ मुली. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, तेच ते करण्याचा आग्रह धरणारी, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणारी. यांतल्या काहींना आधी बहिरं किंवा मंदबुद्धी समजलं गेलं होतं. कॅनर यांनी ही अक्षमता जन्मजात असल्याचं म्हटलं. ‘ऑटिझम’ हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. तो स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात आधीच वापरला होता, आणि त्या उसन्या शब्दामुळे पुढे बराच गोंधळ झाला. पण इथे महत्त्वाचं वेगळंच आहे. कॅनर यांची मुलं शरीराने साधारण धडधाकट होती. ज्यांच्या मेंदूला उघड इजा होती, ती मुलं या चित्रात नव्हतीच. त्यामुळे ‘स्वमग्न मूल म्हणजे ज्याच्या मेंदूला काही झालेलं नाही ते’ असा एक समज व्याख्येत न लिहिताही शिरला.

याच सुमारास अमेरिकेत आल्फ्रेड स्ट्राउस उलट्या दिशेने निघाले होते. मूल चंचल आहे, लक्ष लागत नाही, तर त्याच्या मेंदूला इजा झालेली असणार. पुरावा काय? त्याची चंचलता! अनुमान आणि पुरावा एकच. त्यातून ‘किमान मेंदू-इजा’ असं एक नाव निघालं आणि खूप चाललं. १९६२ साली ऑक्सफर्डला जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की बाबांनो, निव्वळ वर्तनावरून इजा ठरवता येत नाही, ‘इजा’ हा शब्द सोडा. हे चक्राकार अनुमान आपल्याकडे तोंडी परीक्षेत हमखास पकडतात, म्हणून सांगितलं.

मध्ये आणखी एक वाईट वळण आलं. मेंदूला काही झालेलं नाही, मग दोष कुणाचा? आईचा. आई थंड, प्रेमळ नाही, म्हणून मूल मिटून गेलं. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने हे घरोघर पोचवलं. यावर मी जास्त लिहिणार नाही. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच ते खोडून काढलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. लंडनमध्ये मायकेल रटर यांच्या पाहणीत दिसलं, की लहानपणी झटके नसलेल्या काही स्वमग्न मुलांना किशोरवयात आकडी येऊ लागते. नुसत्या आईच्या वागण्याने आकडी येत नाही. १९७१ मध्ये स्टेला चेस यांनी, आईला गरोदरपणी रुबेला झाला होता अशी २४३ मुलं तपासली. त्यांतल्या १० मुलांत स्वमग्नतेचं पूर्ण चित्र होतं आणि ८ मुलांत अर्धवट. म्हणजे मेंदूला गर्भातच झालेल्या इजेतून स्वमग्नतेचं चित्र निर्माण होऊ शकतं, हे समोर आलं. ‘हे किंवा ते’ ही भिंत इथे पहिल्यांदा नीट तडकली.

आता मला सगळ्यांत आवडणारा भाग. १९७७, सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर. त्यांनी इंग्लंडमधून जुळ्यांच्या २१ जोड्या शोधल्या. प्रत्येक जोडीतलं निदान एक मूल स्वमग्न. ११ जोड्या एकसारख्या, म्हणजे एकाच बीजातून झालेल्या, आणि १० भिन्न बीजांच्या. एकसारख्या ११ पैकी ४ जोड्यांत दोघंही स्वमग्न होते. भिन्न १० पैकी एकाही जोडीत नाही. संख्या फार लहान, पण दिशा स्पष्ट: आनुवंशिकतेचा हात आहे.

उरलेल्या १७ जोड्यांत एकच मूल स्वमग्न होतं. गर्भाशय एक, घर एक, आई एक, तरी एक मूल स्वमग्न आणि दुसरं नाही. का? त्यांनी जन्माच्या नोंदी काढल्या. १७ पैकी १२ जोड्यांत स्वमग्न मुलाच्याच वाट्याला मेंदूला धोका पोचवणारं काहीतरी आलं होतं. निष्कर्ष निघाला, की मेंदूची इजा एकटी किंवा आनुवंशिक कलासोबत मिळून स्वमग्नतेला कारण ठरू शकते. आपल्या आजीचं वाक्यच जणू लंडनहून शिक्का मारून आलं.

थांबा. १९९५ साली याच गटाने, अँथनी बेली यांच्या नावाने, आणखी जोड्या घेऊन आणि जुन्या जोड्या पुन्हा तपासून दुसरा निबंध छापला. आता एकसारख्या जोड्यांत दोघंही स्वमग्न असण्याचं प्रमाण ६० टक्के निघालं, भिन्न जोड्यांत शून्य. आणि बाळंतपणातल्या अडचणींबद्दल त्यांनी मत बदललं. या अडचणी बहुधा स्वमग्नतेचं स्वतंत्र कारण नसून, आनुवंशिक कारणांनी गर्भाची वाढच वेगळी झाल्याचा परिणाम आहेत, असं त्यांनी लिहिलं. आठवलं ना? फ्रॉइड, १८९७. बाणाची दिशा उलटी. आधीचा निष्कर्ष त्याच गटाने स्वतः तपासून फिरवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे मार्गदर्शकाच्या जुन्या निष्कर्षाला हात लावायचा म्हटलं तरी घाम फुटतो. असो.

सेरेब्रल पाल्सीच्या बाजूलाही हेच घडत होतं. व्हर्जिनिया ॲपगर यांनी नवजात बाळाची अवस्था १० पैकी गुणांत मोजायची रीत १९५३ साली छापली. पुढे अमेरिकेत सुमारे ४९,००० बाळांचे हे गुण आणि त्यांचं पुढचं आयुष्य कॅरिन नेल्सन आणि जोनास एलनबर्ग यांनी जुळवून पाहिलं. १९८१ साली त्यांनी छापलं, की पुढे सेरेब्रल पाल्सी झालेल्यांपैकी ७३ टक्के मुलांचे पाचव्या मिनिटाचे गुण ७ ते १० होते. म्हणजे चांगले! आणि दहाव्या मिनिटाला किंवा त्यानंतरही ज्यांचे गुण ३ च्या वर गेले नव्हते, त्यांतून वाचलेल्या मुलांपैकी ८० टक्के शाळेच्या वयात मोठ्या अपंगत्वाशिवाय होती. न रडणं धोक्याचं खरंच, त्याला हलकं घेऊ नका. पण त्यावरून मागे जाऊन कारण सिद्ध होत नाही.

कारणाचा प्रश्न इथे ठेवू आणि चित्राच्या प्रश्नाकडे येऊ. स्वमग्न मुलाची तुलना कुणाशी करायची? सहा वर्षांच्या स्वमग्न मुलाची सहा वर्षांच्या इतर मुलांशी तुलना केली, तर तो सगळ्यातच मागे दिसेल, आणि तुम्हाला स्वमग्नता कळणारच नाही, फक्त विलंब कळेल. लंडनमध्ये बेआटे हर्मेलिन आणि नील ओकॉनर यांनी १९६० च्या दशकात यावर तोडगा काढला: तुलना मानसिक वयाशी करा. विलंब दोन्हीकडे सारखा ठेवा, मग उरतो तो फरक स्वमग्नतेचा. १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी हीच युक्ती वापरली. ‘बाहुली आपला गोटा कुठे शोधेल?’ हा प्रश्न २० स्वमग्न मुलांना आणि डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांना विचारला. दुसऱ्या गटाचं मानसिक वय कमी होतं, तरी त्यांतल्या १२ जणांनी बरोबर सांगितलं. स्वमग्न २० पैकी १६ चुकले. तुलनेचा गट नीट निवडला की छोटासा नमुनाही किती बोलतो, बघा.

आजच्या निदानाच्या निकषांतही तेच तत्त्व आहे. मुलाची सामाजिक देवाणघेवाण त्याच्या एकूण विकासाच्या पातळीपेक्षाही खाली हवी, तर स्वमग्नता. चार वर्षांचं मूल सगळ्याच बाबतींत दोन वर्षांच्या मुलासारखं वागत असेल, आणि दोन वर्षांच्या मुलासारखंच हसून बघत असेल, खेळणं आणून दाखवत असेल, तर तो सर्वांगीण विलंब.

पण साधन चुकलं तर हाही फरक पुसला जातो. एम-चॅट ही पालकांना विचारायची छोटी प्रश्नावली आहे. अमेरिकेत २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ९८८ मुलांना ती दोन वर्षांच्या वयात लावली. २१ टक्के मुलं ‘धोक्यात’ निघाली. मग संशोधकांनी खोलात पाहिलं. ज्यांना स्वतःहून बसता किंवा उभं राहता येत नव्हतं, त्यांच्यात असा निकाल येण्याची शक्यता चालणाऱ्या मुलांच्या २३ पट होती. हालचाल, दृष्टी, श्रवण किंवा आकलनाच्या अडचणी असलेली मुलं बाजूला काढल्यावर प्रमाण १० टक्क्यांवर आलं. साधं आहे: ‘मूल बोट दाखवतं का?’ या प्रश्नाला, ज्याचा हात वळतच नाही त्याची आई ‘नाही’ म्हणणार. ते मूल डोळ्यांनी दाखवत असतं. रुळावरून गाडी जाते, ते गाडीकडे बघतं, मग आईकडे, परत गाडीकडे. हेच तर दाखवणं आहे. स्वमग्न मूल त्याच गाडीकडे तासभर बघेल, पण बहुधा ‘तू पण बघ’ म्हणून आईकडे वळणार नाही. दहा टक्के हाही साधारण अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट आकडा आहे, हे मात्र विसरू नका. वेळेआधी जन्मलेल्यांत खरी स्वमग्नताही जास्त असू शकते.

म्हणूनच हालचाल आणि आकलन वेगवेगळं मोजणारी साधनं मोलाची. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर प्रमाणित केलेली ‘दासी’ ही चाचणी तशी आहे. एक ते तीस महिन्यांच्या बाळांसाठी, हालचालीचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक, दोन्हींचे निकाल स्वतंत्र. तिची १९९७ ची सुधारित पुस्तिका पुण्यातून निघाली. हालचालीत खूप मागे, आकलनात थोडं मागे, असं बाळ आणि याच्या बरोबर उलटं बाळ हे कागदावर लगेच वेगळे दिसतात.

आणि जन्मापासून पुढे जात राहण्याचं काम? तेही आपल्याकडे झालंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयात सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता विभागातून घरी गेलेली २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं घेतली आणि ती १८ वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ होता, तुलनेच्या गटाचा ९७.२. फरक खरा, पण सरासरी सामान्य कक्षेतच. ‘पेटीत ठेवलं होतं’ एवढ्यावरून भविष्य सांगणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा. तो बुद्धीचा आणि शिक्षणाचा होता, स्वमग्नतेचा नव्हे, हे ध्यानात ठेवून.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने वेगळीच गोष्ट केली. घरी होणाऱ्या बाळंतपणांत आरोग्यदूत बाई हजर असे आणि बाळ पहिल्या मिनिटाला रडलं का, पाचव्या मिनिटाला श्वास कसा आहे, हे तिथेच नोंदवे. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, म्हणून १९९९ चा तो निबंध गाजला. मला त्यातली ही नोंद जास्त महत्त्वाची वाटते. तीन वर्षांनी आठवून सांगितलेलं ‘रडलं नव्हतं’ आणि त्याच मिनिटाला लिहिलेलं ‘रडलं नव्हतं’ हे दोन वेगळे पुरावे आहेत. मूल मागे पडलं की घर मागे वळून कारण शोधतं आणि आठवणीला धार चढते. धाकटं मूलही उशिराच रडलेलं असतं, पण ते नीट बोलू लागलं म्हणून कुणाला आठवत नाही.

२०१८ साली पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची एक मोठी पाहणी छापली गेली, त्यात उत्तर गोवाही होता. मेंदूच्या विकासाच्या अडचणी असलेल्या मुलांपैकी २१.७ टक्के मुलांत दोन किंवा अधिक अडचणी एकत्र होत्या. उशिरा रडणं हा धोक्याच्या घटकांत होताच. म्हणजे ‘हे की ते’ ऐवजी ‘हेही आणि तेही’ म्हणावं लागेल अशी मुलं पाचातलं एक. त्यांना एकच शिक्का मारला, की दुसरी अडचण बिनउपचार राहते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलात स्वमग्नताही असेल, तर नुसती मालिश आणि व्यायाम पुरत नाहीत.

कायद्यालाही हे वेगळं करायला वेळ लागला. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नतेला वेगळा वर्गच नव्हता, त्यामुळे अनेक घरांनी ‘मतिमंद’ असा दाखला घेऊन काम भागवलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी ही दोन्ही नावं घेतली. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती दोन स्वतंत्र प्रकार म्हणून आली. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, आणि त्याच्या आजारांच्या यादीत हालचालीचे दोष आणि स्वमग्नता यांचे रकाने वेगळे आहेत.

मग प्रत्यक्ष बघायचं काय? आधी कान आणि थायरॉईड. बेरा तपासणी केल्याशिवाय कुठलाही शिक्का नको. नंतर शरीर: हातापायांचा ताठरपणा किंवा ढिलेपणा, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर, डोक्याचा घेर न वाढणं, दूध ओढताना अडचण. ही सगळी इजेकडे बोट दाखवतात. एमआरआयमध्ये इजेच्या खुणा दिसू शकतात. स्वमग्नता मात्र एमआरआयवर ‘दिसत’ नाही, त्यामुळे ‘एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आलेली शब्दसंपत्ती, हसणं, नजर दीड-दोन वर्षांच्या सुमारास हळूहळू हरवत गेली, तर स्वमग्नतेचा विचार जोरात करायचा. आकडी दोन्हींत येते, तिच्यावरून फरक करू नका.

तुमच्या प्रस्तावात केस-हिस्टरीचा तक्ता असेल, तर ‘जन्मल्यावर रडलं का?’ या रकान्याशेजारी ‘हे कुणी सांगितलं?’ असा रकाना घाला: डिस्चार्ज कार्ड, दवाखान्याची वही, आई, आजी. कारण आणि चित्र यांचे रकाने वेगळे ठेवा आणि एकाच मुलापुढे दोन्ही भरायची मुभा ठेवा.

आणि एक गृहपाठ. फोल्स्टीन-रटर यांच्या १७ पैकी १२ जोड्या कागदावर मांडा. ‘इजेमुळे स्वमग्नता’ आणि ‘आधीच वेगळी वाढ, म्हणून अवघड जन्म’ ही दोन्ही स्पष्टीकरणं त्याच आकड्यांना लावून बघा, आणि दोन्हींत फरक करायला आणखी कुठली माहिती लागेल ते लिहा. हे झाल्यावरच बेली यांचा १९९५ चा निबंध उघडा.